मनमिळाऊ स्वभावामुळे ते परिचित होते

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल, मलाच ठाऊक नाही. लातूरला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी उपसंपादक होतो. पद ऐकायला बरं वाटतं. पण राजकारण, पाणीटंचाई, खून-मारामाऱ्या हे सगळं दुसऱ्यांकडं. माझ्याकडं शाळांची स्नेहसंमेलनं, सत्कार, निवडी आणि निधन वार्ता. त्यातही निधन वार्ता रोजच्या. सत्कार एखाद्या दिवशी नसायचे, मरण रोज असायचं.

संगणकावर आम्ही एक साचा करून ठेवला होता. नाव, गाव, वय, अंत्यसंस्काराची वेळ आणि पश्चात कोण कोण, एवढ्या जागा रिकाम्या. बाकी मजकूर तयार. आमचा ऑपरेटर नाव टाकता टाकता मान न वळवता विचारायचा, "साहेब, मनमिळाऊ घेऊ का धार्मिक वृत्तीचे?" हॉटेलात डोसा साधा की मसाला विचारतात ना, अगदी तसं. मी वय बघायचो आणि सांगायचो. म्हाताऱ्या बायका बहुतेक धार्मिक वृत्तीच्या. तरुण गेला तर मनमिळाऊ व होतकरू. उरलेले सगळे नुसते मनमिळाऊ.

ज्यांच्या तोंडून शिव्यांशिवाय काही ऐकलं नाही असे निवृत्त हेडमास्तर माझ्या हातून मनमिळाऊ झाले. बांधावरून सख्ख्या भावाला जन्मभर कोर्टात खेचणारे मनमिळाऊ झाले. एकदा तर एका बाईंची सूनच समोर उभी राहून म्हणाली, "मनमिळाऊ नका लिहू हो, गल्लीतले लोक हसतील. प्रेमळ लिहा." मी दोन्ही लिहिलं. ती गेल्यावर मी आणि ऑपरेटर पोट धरून हसलो.

मला त्या शब्दाचं वावडं नव्हतं. उलट लाडच होते. कारण तो माझाच शब्द होता, लहानपणापासूनचा.

मी नांदेडचा. आमची भावकी आणि शेती हिमायतनगरकडं, पण वडिलांना नांदेडला नोकरी लागली आणि आम्ही इतवाऱ्याच्या बाजूला एका गल्लीत भाड्यानं राहायला आलो. भिंतीला भिंत लागून एक खाला राहायच्या. मी दिवसभर त्यांच्या ओट्यावर. एकदा त्या माझ्या आईला म्हणाल्या, "कित्ता मिलनसार पोट्टा है तुमारा!" आईला काही कळलं नाही. पोरानं काही उद्योग केला की काय, म्हणून तिनं मला आधी एक धपाटा घातला आणि मग संध्याकाळी वडिलांना विचारलं. वडील निजामाच्या काळातल्या शाळेत उर्दू शिकलेले. ते हसून म्हणाले, "अगं, मिलनसार म्हणजे मनमिळाऊ. चांगलं म्हणाली ती." अशा रीतीनं दोन्ही शब्द मला एकाच दिवशी मिळाले, धपाट्यासकट.

आणि मी खरोखरच तसा होतो. समोरचा माणूस ज्या शब्दानं नमस्कार करील तो माझ्या तोंडात त्याच्या आधी तयार असायचा. कुणाला राम राम, कुणाला सलाम, कुणाला जय भीम, गुरुद्वाऱ्याकडच्या दुकानदारांना सत श्री अकाल. देगलूरहून भुसार घेऊन येणारा एक व्यापारी होता, त्याला मी "बागुन्नारा?", म्हणजे बरे आहात ना, असं विचारायचो. एवढं एकच तेलुगू मला येत होतं, पण तेवढ्यावर तो मला दर खेपेला मूठभर शेंगा द्यायचा. पुढं पेपरात लागलो आणि लातूरला बदली झाली तेव्हा वर्षभरात कलेक्टर ऑफिसच्या शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत सगळे मला ओळखायला लागले. कुणाशी वाकडं नाही. कुणाचं मन मोडायचं नाही. कुणी एखाद्यावर तोंडसुख घेत असलं की मी मान हलवायचो, आणि ज्याच्याबद्दल चाललंय तो समोर आला की त्याच्यापुढंही मान हलवायचो. याला मी गुण समजत होतो.

ती बाई कार्यालयात आली ती दुपारची वेळ होती. पंचेचाळिशीच्या आसपासची, पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. दारातूनच तिनं "जय भीम" म्हटलं. मी नेहमीच्या मोठ्या आवाजात "जय भीम, ताई, या या" म्हटलं आणि खुर्ची पुढं केली. मुरुडच्या पलीकडचं एक गाव तिनं सांगितलं. तिथं ती अंगणवाडी सेविका होती. तिचे वडील दोन दिवसांपूर्वी गेले होते आणि जलदान विधीच्या आधी पेपरला यावं अशी तिची इच्छा होती.

मी उठून खाली टपरीवर जाऊन स्वतः चहा आणला. हे मी सगळ्यांसाठीच करायचो. माणूस गेलेल्या घरचं कुणी आलं की आधी चहा, मग चौकशी, मग कागद. तिनं चहा घेतला. वडील गवंडी होते, गावातली निम्मी घरं त्यांनी बांधली, शेवटचं वर्षभर अंथरुणावर होते, असं सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. मी माझ्या वडिलांचं सांगितलं. दहा मिनिटांत आम्ही जुन्या ओळखीचे असल्यासारखे बोलायला लागलो. मग तिनं पिशवीतून रजिस्टरचं फाडलेलं, आखीव रेघांचं पान काढलं.

"एसटीत बसून लिहिलंय सर," ती म्हणाली. "अक्षर हललंय. पण तेवढी एक ओळ हाय ती तशीच येऊ द्या."

अक्षर हललेलं होतं, तरी सुरेख होतं. मी वाचलं. वरचं सगळं नेहमीसारखं होतं. खाली चार-पाच ओळी होत्या. तिच्या लहानपणी जयंतीची मिरवणूक वेशीतून न्यायची की नाही यावरून गावात तंटा झाला. गावानं वस्तीशी बोलणं-चालणं बंद केलं. किराणा देईनात, गिरणीत दळण घेईनात, शेतावर कुणी कामाला बोलवेना. पेरणी तोंडावर आली तशी गावाला माणसं लागायला लागली आणि गावातले चार मोठे लोक वस्तीत येऊन म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ. तेव्हा तिचे वडील म्हणाले, "झालं ते चुकलं, एवढं गावात मोठ्यानं म्हणा. मग विसरलो." कुणी म्हटलं नाही. त्या दिवसापासून ते गावात कुणाच्या ओट्यावर बसले नाहीत, कुणाचा चहा घेतला नाही, कुणाला राम राम घातला नाही. भिंती बांधल्या. विटा आणा, वाळू आणा, एवढंच बोलले. आणि शेवटी ती एक ओळ होती, जी तशीच यावी असं तिला वाटत होतं. त्यांची अट काय होती, ती पुरी झाली नाही आणि त्यांनी ती शेवटपर्यंत कशी पाळली, असं काहीतरी त्या ओळीत होतं.

असं काहीतरी. बघा, मला आज एवढंच सांगता येतं.

"येईल ताई," मी म्हणालो. "काळजी करू नका."

ती हात जोडून गेली आणि मी ते पान ऑपरेटरपुढं ठेवलं. त्यानं विचारलं, "साहेब, हे सगळं घ्यायचं?" मी क्षणभरच विचार केला. निधन वार्तेत गावाची तक्रार कशाला? उद्या गावातून फोन येणार, सरपंच येणार, मुरुडचा आमचा वार्ताहर ओरडणार. शिवाय खरं सांगायचं तर ते चार मोठे लोक मला अनोळखी नव्हते. आमच्या भावकीतले माझे चुलते असेच कुणाच्या तरी वस्तीत गेले असते आणि हेच म्हणाले असते, आणि त्यात काही चुकलं असं त्यांना वाटलं नसतं. मी म्हणालो, "नको. साचा घे. मनमिळाऊ टाक."

पान मी टेबलावरच्या खिळ्याला टोचलं. शनिवारी खिळ्यावरचे सगळे कागद रद्दीत जायचे.

आठ दिवसांनी ती परत आली. या वेळी तिनं दारातून जय भीम म्हटलं नाही. टेबलासमोर येऊन तिनं पेपरचं कात्रण माझ्यापुढं ठेवलं. मी सवयीनं उठलो. "बसा ताई. चहा आणतो."

"न्हाई," ती म्हणाली. "चहा त्या दिवशी घेतला होता."

मग उभ्यानंच तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, हेच मला जड गेलं. पेपर गावात सकाळच्या एसटीनं जातो. पारावर कुणीतरी बातमी मोठ्यानं वाचली आणि लोक हसले. म्हातारा मनमिळाऊ होता, हे आम्हाला आजच कळलं, असं कुणी तरी म्हणालं. ते तिनं सहन केलं असतं. पण जलदान विधीला सरपंच आले, दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि त्यांनी खिशातून पेपर काढून बातमी वाचली.

"सरपंच म्हणले, बघा, पेपरात छापून आलंय, मनमिळाऊ होते. गावात मिळून मिसळून ऱ्हायले. आपल्या गावात कधी कुठला भेदभाव न्हवता, हे पेपरवाल्यायलाबी माहीत हाय." तिनं कात्रणावर बोट ठेवलं. "त्या चौघांतला एक जण अजून जिता हाय सर. काठी टेकीत आला होता. पुढंच बसला होता. पान लिहिताना मला वाटलं होतं, पेपरात ती ओळ वाचली म्हंजी विधीला तरी तो उठंल आन् म्हणंल, चुकलं. तो आला होता त्याच्यासाठीच. मला दिसत होतं. सरपंचाचं ऐकलं, मान हलवली आन् उठून गेला."

चूक झाली, एवढं तरी बोलता आलं असतं. तेही मी बोललो नाही. मी म्हणालो, "ताई, आपण काहीतरी करू. शुद्धिपत्र देऊ." आणि लगेच फोन उचलून मुख्य कार्यालयातल्या संपादकांना लावला. काहीतरी करतोय असं दाखवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

संपादकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काय छापायचं? कै. अमुक अमुक हे मनमिळाऊ नव्हते, तरी वाचकांनी दुरुस्ती करून घ्यावी?" आणि ते खो खो हसले.

मीही हसलो.

कुणी हसलं की त्याच्याबरोबर हसायचं, ही माझी जुनी सवय. फोन कानाला होता, समोर ती उभी होती आणि मी दात काढून हसत होतो. अर्धा क्षण असेल. मग मला तिचा चेहरा दिसला आणि हसू तोंडातच विझलं.

मी फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझं पान तरी द्या."

पान नव्हतं. शनिवार होऊन गेला होता. मी खिळ्यावरचे कागद उलटेपालटे केले, ड्रॉवर उघडले, ऑपरेटरला रद्दीच्या खोलीत पाठवलं. तिच्याजवळ नक्कल नव्हती. एसटीत लिहिलेलं होतं, पुन्हा तसं जमलं नाही, घरी बसून दोनदा लिहून बघितलं, असं ती म्हणाली. मग कात्रण घडी करून पिशवीत ठेवलं आणि गेली. जाताना दार हळू लावून घेतलं.

मी त्या दिवसानंतर मनमिळाऊ लिहिणं बंद केलं, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. आठवडाभर मी ऑपरेटरला म्हणत होतो की, आज शब्द नको, साधी बातमी घे. मग एका दिवशी घाई होती, त्यानं विचारलं, मी हो म्हटलं, आणि साचा पुन्हा सुरू झाला.

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि चौकटीतलं सन्मानपत्र. ऑपरेटरनंच ते जुळवलं होतं. दुसरी ओळ होती, "आपल्या मनमिळाऊ स्वभावामुळे आपण सर्वांना परिचित आहात." त्यानं फक्त "होते"चं "आहात" केलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी येऊन सन्मानपत्र भिंतीला लावलं आणि त्या शब्दाकडं बघत बसलो. तेव्हा कुठं डोक्यात आलं की, जन्मभर लिहिलेला हा शब्द आपण कधी कोशात बघितला नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो. त्यात फार काही गूढ नव्हतं. मन आणि मिळाऊ. मिळणेपासून मिळाऊ, जसं टिकणेपासून टिकाऊ, लढणेपासून लढाऊ, विकणेपासून विकाऊ. ज्याचं मन दुसऱ्यांच्या मनाशी मिळतं तो. खालांचा मिलनसारही तिथं एका जाड उर्दू कोशात सापडला. मिलन आपल्याकडचंच, आणि त्याला मागून सार हे फारसीतलं शेपूट लावलेलं. तेच शेपूट लाजेनं मान खाली घातलेल्या शर्मसारला आहे, स्वतःला धूळ म्हणवणाऱ्या खाकसारला आहे. वडील असते तर त्यांना गंमत वाटली असती. मला वाटली नाही.

माझं मन कुणाशी मिळत होतं? मी विचार करत बसलो. खालांशी मिळत होतं, हे खरं. आठ वर्षांच्या पोराचं ते मिळणं होतं, त्यात काही राखून ठेवलेलं नव्हतं. पुढं मात्र मन कुठं मिळवायची वेळच मी येऊ दिली नाही. तोंड मिळवलं. आणि तो गवंडी, ज्याच्या नावापुढं मी तो शब्द चिकटवला, तो घरी हसायचा, बाहेरगावी कामाला गेला की तिथल्या लोकांत बसून गप्पा मारायचा, नातवंडांना खांद्यावर घेऊन गाणी म्हणायचा. हे मला त्याच्या मुलीनं चहा पिताना सांगितलं होतं. माणसांची त्याला हौस होती. ज्या गावात जन्म काढायचा त्याच गावाशी बोलायचं नाही, हे अशा माणसाला किती अवघड गेलं असेल, याचा मी तोवर विचारच केला नव्हता. मिटवून घ्यायला त्याला एक राम राम पुरला असता. तो त्यानं घातला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्या गावाला गेलो. लातूरहून मुरुड, मुरुडहून दुसरी एसटी. पाराजवळ उतरलो आणि अंगणवाडी विचारली. पारापासून सरळ समोर, रस्त्याच्या पलीकडं. सकाळची वेळ होती, मुलं खिचडी खात होती. तिनं मला लगेच ओळखलं. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच. मुलांचं खाणं होईपर्यंत मी दाराशी बसलो. मग शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून ती मला घरी घेऊन गेली.

घर वडिलांनी बांधलेलं. भिंती ओळंब्यात, कुठं तडा नाही. त्यांचा फोटो होता आणि फोटोखाली चौकटीत माझ्या पेपरचं कात्रण. मला धक्काच बसला. जवळ जाऊन पाहिलं तर एका शब्दावर बॉलपेननं इतक्या वेळा रेघा ओढल्या होत्या की तिथला कागद फाटायला आला होता. बाकीचं वाक्य शाबूत होतं. स्वभावामुळे ते परिचित होते.

"पेपरात दुसऱ्यांदा नाव कुठं आलं त्यांचं," ती म्हणाली. "म्हणून ठिवलंय."

मी खिशातून पेन काढलं. मूर्खपणाच होता तो. म्हणालो, "ताई, ती ओळ तुम्ही सांगा, मी याच्याखाली माझ्या हातानं लिहून देतो." तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. मीही पाहिलं. तिला तिचे दोन शब्द आठवले, मला माझे दोन, पण ते जुळेनात. शेवटी ती म्हणाली, "असू द्या सर. तशी न्हाई येत ती आता."

मग मी म्हणालो. इतकी वर्षं जे अडलं होतं ते म्हणालो. "मी चुकलो, ताई. तुमची ओळ मी कापली. घाबरून कापली, आणि तुम्हाला येईल म्हणून सांगितलं."

तिनं ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग विचारलं, "तो म्हातारा बी गेला, माहीत हाय का? काठीवाला. त्या चौघांतलं आता कुणीच न्हाई." मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बाबांची अट त्या चौघांनीच म्हणावं अशी न्हवती सर. कुणीबी म्हणावं. फकस्त घरात नको. गावात, मोठ्यानं."

मला कळलं. कुणीही सांगायची गरज नव्हती. मीच म्हणालो, "मी म्हणतो. एसटीला वेळ आहे अजून. पारावर सगळ्यांसमोर सांगून जातो. तुमच्या वडिलांवर गावानं अन्याय केला, ते चुकलं, आणि मी पेपरात खोटं छापलं."

"बघा," ती म्हणाली. तिला मुलांकडं जायचं होतं. आम्ही बरोबरच निघालो. अंगणवाडीशी आल्यावर ती आत गेली आणि मी रस्ता ओलांडून पाराकडं वळलो.

पारावर सात-आठ जण बसलेले होते. मी वाक्य मनात दोनदा म्हणून घेतलं होतं. पहिला शब्द ओठांवर आला होता, खरंच आला होता, एवढ्यात त्यांच्यातला एक जाडजूड माणूस उठून दोन्ही हात पसरत पुढं आला. "अरे, पेपरवाले साहेब! राम राम! वळकलं का न्हाई? लातूरला तुमच्या हापिसात आल्तो मी, सरपंच असताना, सत्काराची बातमी घिऊन."

"राम राम, राम राम," मी म्हणालो. "ओळखलं की. कसं काय?"

"बसा बसा. इकडं कुणीकडं? आरं, साहेबायला चहा सांग."

त्यांनी जागा करून दिली. मी बसलो. मनात म्हटलं, चहा येईपर्यंत दम घेऊ, मग सांगू. कुणीतरी विचारलं, मूळ गाव कोणतं. मी हिमायतनगर सांगितलं, तर त्यांच्यातल्या एकाची सोयरीक तिकडचीच निघाली. मग भावकीतली नावं निघाली. सोयाबीन कसं झालं हे निघालं. पारावरून अंगणवाडीचं दार समोर दिसत होतं आणि मी त्या बाजूला पाठ करून बसलो होतो. मुद्दाम नाही. बसवलं तसा बसलो. चहा आला, स्टीलच्या पेल्यात, भरपूर साखर घातलेला. तो मी घेतला. एकदा बोलणं थांबलं, सगळे गप्प झाले, आणि मला माहीत होतं की हीच जागा आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा मस्त झालाय."

एसटी आली. माजी सरपंचांनी माझी पिशवी उचलून घेतली, मी नको नको म्हणत असताना. गाडीच्या दारात त्यांनी कंडक्टरला हाक मारली, "ओ मास्तर, साहेबायला पुढं जागा करा. पेपरचा माणूस हाय, लई मनमिळाऊ."

मी खिडकीत बसलो. पारावरच्या सगळ्यांनी हात वर केले. पलीकडं अंगणवाडीच्या दारात पांढरं काहीतरी दिसल्यासारखं वाटलं, पण मी तिकडं पाहिलं नाही. मी पाराकडं बघून हात हलवला.